दूरच्या राउटरवरील आयपी पत्ते आणि राउटिंग बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्य कार्यालयात बसून शाखांचे राउटर आणि स्विच सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पुण्यात मुख्य कार्यालय आणि गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा येथे शाखा, अशी जोडी उदाहरणासाठी धरली आहे. एवढ्या अंतरावर एका चुकीच्या ओळीसाठी माणूस पाठवायचा म्हटले, तर शाखेचे कामकाज किमान एक दिवस बंद राहते, आणि ते टाळता येण्यासारखे असते.

पत्ता किंवा रूट बदलणे हे इतर बदलांहून वेगळे का मानायचे?

पोर्टचे नाव बदलले किंवा एखादा व्हीलॅन (एकाच स्विचवरील वेगळे आभासी नेटवर्क) वाढवला, तर तुमच्या चालू सत्राला, म्हणजे राउटरवर केलेल्या लॉगिनला, सहसा धक्का लागत नाही. पत्ता आणि रूट (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे ती नोंद) मात्र ज्या वाटेने तुमची आज्ञा राउटरपर्यंत पोहोचते तीच वाट बदलतात, म्हणजे ज्या फांदीवर बसलो आहोत तिच्यावरच कुऱ्हाड चालवण्यासारखे हे काम आहे. सत्र टिकण्यासाठी दोन वाटा शाबूत लागतात : पुण्याहून सिरोंच्याला जाणारी आणि सिरोंच्याहून पुण्याला परतणारी. पहिलीचा विचार प्रत्येक जण करतो, दुसरीचा राहून जातो. संपर्क तुटण्याच्या बहुतेक प्रसंगांत पॅकेट राउटरपर्यंत पोहोचत असते, राउटर उत्तरही देत असतो, पण ते उत्तर चुकीच्या गेटवेकडे, म्हणजे वाटेतल्या चुकीच्या पुढच्या राउटरकडे, जाऊन हरवते. म्हणून या पानावरील जवळजवळ प्रत्येक उत्तर परतीच्या वाटेपाशी येऊन थांबेल.

उपकरण आज्ञा केव्हा अमलात आणते, हेही आधी ठाऊक असावे. सिस्को आयओएसमध्ये एंटर दाबताच ओळ लागू होते. जुनिपरच्या जुनॉसमध्ये बदल आधी मसुद्यात साठतात आणि ‘कमिट’ दिल्यावर एकत्रितपणे लागू होतात. पहिल्या प्रकारच्या उपकरणावर ओळींचा क्रम हाच सुरक्षिततेचा निम्मा भाग असतो.

बदलाला हात घालण्यापूर्वी काय तपासावे?

तुम्ही राउटरच्या कोणत्या पत्त्यावर जोडलेले आहात, राउटरला तुमचा कोणता पत्ता दिसतो आणि त्या पत्त्याकडे तो कोणत्या रूटने उत्तर पाठवतो, या तीन गोष्टी लिहून काढा. सिस्कोवर ‘शो यूजर्स’ दिल्यावर तुमचा पत्ता दिसतो आणि ‘शो आयपी रूट’पुढे तोच पत्ता दिला की परतीची वाट कळते. मध्ये नॅट (वाटेत पत्ते बदलणारी सोय) असेल, तर राउटरला दिसणारा पत्ता तुमच्या संगणकाच्या पत्त्याहून वेगळा असतो, म्हणून तो अंदाजाने धरू नये.

त्यानंतर चालू कॉन्फिगरेशन आणि साठवलेले कॉन्फिगरेशन यांची तुलना करा. कोणीतरी महिन्यांपूर्वी केलेला बदल सेव्ह न करता तसाच ठेवलेला असतो आणि राउटर पुन्हा सुरू झाला की तो नाहीसा होतो. ही तफावत आधीच मिटवली नाही, तर पुढे सांगितलेली आपोआप माघारीची सोयच तुम्हाला अडचणीत आणू शकते.

इंटरफेसचा आयपी पत्ता सत्र न तोडता कसा बदलावा?

सिस्को आयओएसवर इंटरफेसमध्ये जाऊन नवा पत्ता दिला की तो जुन्याची जागा त्याच क्षणी घेतो, आणि जुन्या पत्त्यावर उभे असलेले तुमचे सत्र तिथेच संपते. त्यामुळे नवा पत्ता आधी ‘सेकंडरी’ म्हणून द्यावा. समजा, शाखेचा लॅन १९२.१६८.१.०/२४ वरून १०.४०.१२.०/२४ वर न्यायचा आहे (/ नंतरचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा गट, म्हणजे सबनेट, लहान). राउटरवर १०.४०.१२.१ हा दुय्यम पत्ता द्या, पुण्याच्या बाजूने त्या सबनेटचा रूट आणि फायरवॉलचे नियम तयार ठेवा, आणि मग नव्या पत्त्यावर दुसरे एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) सत्र उघडा. हे सत्र उघडले, याचाच अर्थ जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही वाटा नव्या पत्त्यासाठी तयार आहेत. जुना पत्ता काढण्याचे काम या दुसऱ्या सत्रातूनच करावे, पहिल्यातून नव्हे.

लिनक्सवर आधारित राउटरवर पत्ते मुळातच एकाशेजारी एक वाढवता येतात. तिथे एक खोच आहे. एकाच सबनेटमधील दोन पत्त्यांपैकी मुख्य पत्ता काढला, तर ‘प्रमोट सेकंडरीज’ ही कर्नलची सेटिंग चालू नसल्यास त्याच सबनेटमधील दुय्यम पत्तेही त्याच्याबरोबर निघून जातात. शिवाय ‘आयपी’ आज्ञेने दिलेला पत्ता केवळ चालू स्थितीत राहतो. तो कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिला नाही, तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर उरत नाही.

दोन राउटरमधील लिंकचे पत्ते बदलताना कोणते टोक आधी घ्यावे?

दूरचे. सिरोंच्याचे टोक आधी बदलले की लिंक तुटते, पण पुण्याचे टोक तुमच्या हाताशी असते. ते बदलताच लिंक परत येते. उलट क्रमाने केले, तर दूरच्या टोकापर्यंत पोहोचण्याचे साधनच उरत नाही. लिंकवर ओएसपीएफ (राउटर आपसांत रूट कळवतात तो प्रोटोकॉल) चालू असेल, तर दोन राउटरमधील शेजार मुख्य पत्त्याच्या सबनेटवर जुळतो, दुय्यम पत्त्यावर नाही. त्यामुळे दोन्ही टोके बदलेपर्यंत ओएसपीएफचा शेजार तुटणे अटळ आहे. ब्रॉडकास्ट लिंकवर ‘हॅलो’ हा हजेरीचा संदेश दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद तो न आल्यास शेजारी गेला असे मानले जाते. त्यानुसार कामाची वेळ ठरवा.

बदलायचेच आहे, तर अशा लिंकसाठी /३० ऐवजी /३१ वापरण्याचा विचार करा. डिसेंबर २००० मधील आरएफसी ३०२१ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्रांचे क्रमांकित दस्तऐवज) त्याला मान्यता दिली आणि प्रत्येक लिंकमागे दोन पत्ते वाचतात. दोन्ही बाजूंची उपकरणे ते स्वीकारतात की नाही, हे मात्र आधी पाहावे.

डिफॉल्ट रूट (वेगळी नोंद नसलेल्या सर्व पत्त्यांसाठीची वाट) दुसऱ्या गेटवेकडे वळवायचा आहे. जुना काढून नवा टाकला तर चालेल का?

तुमचे सत्र त्याच डिफॉल्ट रूटवर अवलंबून असेल, तर नाही. पहिली ओळ लागू होताच परतीची वाट संपते आणि दुसरी ओळ राउटरपर्यंत पोहोचेलच याची खात्री उरत नाही. दोन्ही ओळी एकदम पेस्ट केल्या की पुष्कळदा काम होते, पण ‘पुष्कळदा’ या शब्दावर शाखा सोपवू नये.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग असा : डिफॉल्ट रूटला हात लावण्यापूर्वी केवळ तुमच्या मॅनेजमेंट सर्व्हरच्या पत्त्यासाठी /३२ चा, म्हणजे त्या एकाच पत्त्याचा, स्वतंत्र रूट जुन्या गेटवेकडून टाकावा. आता डिफॉल्ट रूटचे काहीही झाले, तरी तुमच्या पत्त्याकडे जाणारे उत्तर जुन्याच वाटेने येत राहते. नव्या गेटवेवरून शाखेची वाहतूक नीट चालल्याची खात्री झाली, नव्या वाटेने दुसऱ्या यंत्रावरून लॉगिनही करून पाहिले, की मग हा /३२ रूट काढून टाकावा. काढायला विसरू नका, नाही तर जुनी लाइन बंद होईल त्या दिवशी राउटर फक्त तुम्हालाच दिसेनासा होईल आणि कारण सापडायला वेळ लागेल. लिनक्सवर ‘आयपी रूट रिप्लेस’ एकाच आज्ञेत अदलाबदल करते, तरीही हा जादा रूट टाकण्याची सवय सोडू नये.

नवा स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट टाकला, तरी वाहतूक जुन्याच वाटेने का जाते?

राउटर आधी पाहतो ती प्रीफिक्सची लांबी, म्हणजे / नंतरचा आकडा; मोठा आकडा जिंकतो. १०.४०.०.०/१६ आणि १०.४०.१२.०/२४ असे दोन रूट असतील, तर १०.४०.१२.५ साठी /२४ चाच रूट निवडला जातो, मग तो कोणत्याही मार्गाने शिकलेला असो. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचा (रूट कोठून मिळाला त्यावरून ठरलेला आकडा, कमी तो सरस) प्रश्न केवळ तोच प्रीफिक्स, त्याच लांबीचा, दोन ठिकाणांहून मिळाला तरच येतो. सिस्कोवर थेट जोडलेल्या नेटवर्कसाठी तो ०, स्टॅटिकसाठी १, बाहेरील बीजीपीसाठी (वेगवेगळ्या कंपन्यांची नेटवर्क एकमेकांना रूट कळवतात तो प्रोटोकॉल) २०, ओएसपीएफसाठी ११० आणि आरआयपीसाठी १२० असतो. ‘स्टॅटिकचा डिस्टन्स कमी, म्हणजे तोच जिंकणार’ असे धरून /१६ चा स्टॅटिक रूट टाकला जातो, आणि ओएसपीएफमधून आलेले /२४ चे रूट त्याला अजिबात जुमानत नाहीत.

या एका नियमाचे बळ २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिले. यूट्यूब देशात रोखण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ हा रूट टाकला आणि तो बीजीपीमधून बाहेर पडला. यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होते. /२४ अधिक नेमका असल्यामुळे जगभरातील राउटरांनी तोच निवडला आणि सुमारे दोन तास यूट्यूबकडे जाणारी वाहतूक भलतीकडे वळली. बीजीपीमध्ये काय बाहेर जाऊ द्यायचे याची गाळणी प्रत्येक शेजाऱ्यासाठी लावलेली असावी, ती ‘पुढे लावू’ म्हणून मागे ठेवू नये.

चूक झालीच, तर बदल आपोआप मागे फिरण्याची सोय आहे का?

बहुतेक चांगल्या उपकरणांवर आहे, आणि ती न वापरता दूरवरून राउटिंग बदलू नये असे माझे ठाम मत आहे.

जुनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ दिले की ठरावीक वेळेत, काही न सांगितल्यास १० मिनिटांत, पुन्हा ‘कमिट’ न आल्यास जुने कॉन्फिगरेशन परत येते. मिक्रोटिकवर कंट्रोल आणि एक्स दाबून ‘सेफ मोड’ सुरू करता येतो. सत्र तुटल्यास त्यात केलेले बदल रद्द होतात, मात्र तुटलेले सत्र उपकरणाच्या लक्षात यायला काही मिनिटे लागू शकतात, तेव्हा घाईने दुसरे उपाय करू नयेत. नेटप्लॅन वापरणाऱ्या उबुंटू यंत्रावर ‘नेटप्लॅन ट्राय’ १२० सेकंद वाट पाहते आणि तुम्ही होकार दिला नाही तर जुन्या स्थितीत परतते.

सिस्को आयओएसवर जुना आणि सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे ‘रीलोड इन १०’. दहा मिनिटांत ‘रीलोड कॅन्सल’ दिले नाही, तर राउटर पुन्हा सुरू होतो आणि साठवलेले, म्हणजे जुने, कॉन्फिगरेशन घेतो. ही आज्ञा देताना ‘बदललेले कॉन्फिगरेशन सेव्ह करायचे का’ असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर विचारपूर्वक द्यावे. त्याचप्रमाणे तपासणी पूर्ण होईपर्यंत काहीही सेव्ह करू नये, कारण चुकीचा बदल सेव्ह झाला की पुन्हा सुरू होऊनही राउटर चुकीच्याच स्थितीत उभा राहतो. राउटर उठेपर्यंत शाखा काही मिनिटे बंद राहते, हा या पद्धतीचा तोटा आहे. आर्काइव्हची (कॉन्फिगरेशनच्या जुन्या प्रती ठेवण्याची) सोय लावलेली असेल, तर ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०’ ही आज्ञा राउटर बंद न करता माघार घेते आणि ‘कॉन्फिगर कन्फर्म’ने बदल कायम होतो, शक्य तिथे हीच वापरावी.

पत्ता बदलल्यावर पिंग लागते, पण लॉगिन होत नाही. असे का?

दोन ठिकाणी पाहा. पहिले, दूरस्थ लॉगिनसाठी कोणते पत्ते चालतील याची यादी राउटरवर असते. तुमच्या बाजूचा पत्ता बदलला असेल तर ती यादीही बदलावी लागते. दुसरे कारण सहज ध्यानात येत नाही. राउटर टॅकॅक्स किंवा रेडियस सर्व्हरकडे पासवर्ड पडताळतो तेव्हा तो स्वतःच्या एखाद्या पत्त्यावरून विचारणा करतो. तो पत्ता बदलला की सर्व्हरला अनोळखी उपकरण दिसते आणि तो उत्तर देत नाही. लूपबॅक इंटरफेसला (राउटरमधील आभासी इंटरफेस) कायमचा एक पत्ता देऊन लॉगिन, लॉग आणि पडताळणी यांची विचारणा तिथूनच होईल असे ठेवल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. सर्व्हर न सापडल्यास चालेल असे एक स्थानिक खातेही राउटरवर असावे.

एसएसएच, एसएनएमपी, नेटकॉन्फ यांपैकी काय वापरावे?

टेलनेट बंदच ठेवावे, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. दहा-वीस उपकरणांसाठी एसएसएच पुरेसे आहे. एसएनएमपी या उपकरणांची माहिती वाचण्या-बदलण्याच्या प्रोटोकॉलने राउटिंग टेबलमध्ये लिहिता येते हे खरे, पण प्रत्यक्षात नेटवर्क चालवणारी माणसे ते निरीक्षणासाठीच वापरतात. २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने भरवलेल्या कार्यशाळेत हीच बाब स्पष्ट झाली, आणि त्या चर्चेच्या पायावर पुढे २००६ मध्ये नेटकॉन्फ हा खास कॉन्फिगरेशन बदलण्यासाठीचा प्रोटोकॉल आला.

उपकरणे शेकड्यांत असतील, तर नेटकॉन्फचा विचार नक्की करावा. त्यात कॉन्फिगरेशनला कुलूप लावता येते, मसुदा तपासता येतो आणि सोय असलेल्या उपकरणांवर ‘कन्फर्म्ड कमिट’ मिळतो, ज्याची ठरीव मुदत ६०० सेकंद आहे. पत्त्यांसाठी आरएफसी ८३४४ आणि राउटिंगसाठी आरएफसी ८३४९ ही २०१८ मधील यांग प्रतिमाने, म्हणजे कॉन्फिगरेशन कसे मांडायचे याचे ठरलेले साचे, आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांत त्यांचा आधार सारखा नसतो, म्हणून खरेदीपूर्वी खात्री करावी.

इंटरनेटच्या बाजूने मात्र यांपैकी काहीही उघडे ठेवू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये दूरस्थ व्यवस्थापनासाठी उघड्या असलेल्या ७५४७ या पोर्टवर मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या एका प्रकाराने हल्ला चढवला, तेव्हा जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली.

शाखेच्या लाइनला सार्वजनिक पत्ताच नाही. राउटरपर्यंत कसे पोहोचायचे?

राउटरच्या बाहेरील इंटरफेसवर १००.६४.०.०/१० मधला पत्ता दिसत असेल, तर सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत आहे. ही श्रेणी २०१२ मध्ये त्यासाठीच राखली गेली. अशा वेळी बाहेरून आत येता येत नाही, म्हणून राउटरनेच मुख्य कार्यालयाकडे बोगदा (व्हीपीएन) उघडला पाहिजे. त्यासाठी वायरगार्ड हे सॉफ्टवेअर वापरल्यास शाखेच्या बाजूला २५ सेकंदांचा ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ ठेवावा, म्हणजे मधल्या नॅटमधील नोंद जिवंत राहते. वायरगार्डमधील ‘अलाउड आयपीज’ ही यादी कोणती वाहतूक बोगद्यात जाईल आणि कोणती आत स्वीकारली जाईल, या दोन्ही गोष्टी ठरवते. शाखेत नवा सबनेट सुरू करताना मुख्य कार्यालयाकडील यादीत तो घालायचा राहिला, की राउटिंग टेबल बरोबर दिसूनही पॅकेट टाकून दिले जाते.

व्यवस्थापनासाठी वेगळी वाट ठेवण्याचा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीदरम्यान दिलेल्या एका आज्ञेमुळे डेटा सेंटरांना जोडणाऱ्या सर्व मुख्य लिंक बंद पडल्या. अशी आज्ञा रोखणाऱ्या तपासणी साधनात दोष होता. डीएनएस सर्व्हरांनी स्वतःचे बीजीपी रूट मागे घेतले, नेहमीची वाट आणि आपत्कालीन स्वतंत्र वाट या दोन्ही बंद झाल्या, आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. सेवा परत यायला सुमारे सहा तास लागले. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीच्या राउटरवरील एक गाळणी काढली गेली, रूटचा लोंढा कोअर राउटरांवर आदळून ते कोलमडले, आणि व्यवस्थापनाचे नेटवर्क त्याच कोअरवर अवलंबून असल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांनाच आत शिरता येईना.

तुमची शाखा एवढी मोठी नसेल, पण धडा तोच लागू पडतो. राउटरच्या कन्सोल पोर्टला (नेटवर्कशिवाय थेट केबलने आज्ञा देण्याची जागा) जोडलेले, सिमकार्ड असलेले छोटे उपकरण पुरते. सिमकार्ड मुख्य लाइन ज्या कंपनीची आहे तिचे घेऊ नये, त्याचाही बोगदा आतून बाहेर उघडणारा असावा, आणि ते चालते की नाही हे दर महिन्याला लॉगिन करून पाहावे.

सर्व शाखांत १९२.१६८.१.० हेच नेटवर्क आहे. बदलावे का?

होय. बोगद्याने जोडलेल्या दोन शाखांत एकच सबनेट असेल, तर नॅटच्या कसरतीशिवाय मार्ग नाही, आणि घरून काम करणाऱ्यांच्या राउटरवरही बहुधा हेच नेटवर्क असते. आरएफसी १९१८ मधील १०.०.०.०/८ श्रेणीतून जिल्ह्याला एक /१६ आणि शाखेला एक /२४ अशी वाटणी केल्यास संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच रूट जाहीर करता येतो. बदलाच्या आधी डीएचसीपीची (संगणकांना आपोआप पत्ते देणारी सोय) मुदत कमी करा. संगणक मुदत निम्मी संपल्यावर नूतनीकरण मागतो. त्यामुळे आठ दिवसांची मुदत असेल, तर किमान चार दिवस आधी ती अर्ध्या तासावर आणावी. प्रिंटर आणि हजेरीची यंत्रे यांना हाताने दिलेले पत्ते असतात. त्यांची यादी शाखेतील माणसाकडून मागवा, कारण ती दूरवरून पूर्ण सापडत नाही.

आयपीव्ही६ मध्ये काही वेगळे आहे का?

एका इंटरफेसवर अनेक पत्ते असणे तिथे नेहमीचेच आहे, म्हणून बदल सोपा जातो. मात्र राउटरने जाहीर केलेला जुना प्रीफिक्स यंत्रांकडून लगेच काढून घेता येत नाही. पसंतीची मुदत शून्य केली तरी वैधतेची मुदत साध्या जाहिरातीने दोन तासांच्या खाली आणता येत नाही, म्हणून जुना प्रीफिक्स तेवढा वेळ चालू ठेवावा.

कोणत्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि घड्याळे एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर), नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या वेळ सर्व्हरांशी मिळवावी लागतात. राउटरचे घड्याळ चुकीचे असेल, तर कोणता बदल आधी झाला आणि लाइन केव्हा पडली हे जुळवताच येत नाही. म्हणून हे काम केवळ नियमापुरते समजू नये.

सगळी काळजी घेऊनही राउटर हाताबाहेर गेला, तर?

आधी माघारीची मुदत संपेपर्यंत थांबा. या मिनिटांत दुसऱ्या बाजूचे रूट बदलत बसल्यास राउटर परत आला तरी सापडणार नाही. त्यानंतर त्याच सबनेटमधील दुसऱ्या उपकरणातून, म्हणजे शाखेतील स्विच किंवा सर्व्हरमधून, राउटरवर जाण्याचा प्रयत्न करा. एकाच सबनेटमध्ये उत्तराला गेटवे लागत नाही, म्हणून परतीचा रूट बिघडलेला असतानाही ही वाट चालू असते. मिक्रोटिक असल्यास शेजारच्या मिक्रोटिकवरून मॅक पत्त्यानेही आत जाता येते.

राउटर बंद करून चालू करायला सांगण्यापूर्वी बदल सेव्ह झाला होता का, हे आठवा. सिस्कोवर सेव्ह केले नसेल तर तो उपाय लागू पडतो; मिक्रोटिकवर बदल लगेच साठतो, त्यामुळे काही साधत नाही. यांतले काहीच चालले नाही, तर शाखेतील सहकाऱ्याला लॅपटॉप कन्सोल केबलने जोडायला सांगा, वेग बहुधा ९६०० बॉड असतो, लॅपटॉपला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट द्या आणि त्याचा पडदा दूरवरून ताब्यात घेऊन ओळी स्वतःच लिहा. फोनवर आज्ञा सांगून लिहून घेण्यात एखादा ठिपका हमखास चुकतो. ही केबल राउटरच्या कपाटातच चिठ्ठी लावून ठेवलेली असावी, आणि या कामासाठी फोनवर पासवर्ड सांगावा लागला असेल, तर राउटर परत आल्यावर तो त्याच दिवशी बदलावा.